आर्ट्सला स्कोप काय म्हणणाऱ्यांना एकदा इनामगाव दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की आपल्या पेपरात अॅडमिशनच्या पुरवण्या सुरू होतात आणि मी त्या जाहिरातींसकट वाचते, आयुष्यभर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलं त्यामुळे रिटायर झाले तरी ही खोड काही जात नाही. हल्ली प्रत्येक जाहिरातीत मल्टिडिसिप्लिनरी, लिबरल आर्ट्स, होलिस्टिक असले शब्द असतात आणि त्याच्याच खाली एखाद्या करिअर कौन्सेलरचा कॉलम असतो, ज्यात कोणीतरी आई विचारते की मुलीला आर्ट्स घ्यायचंय पण स्कोप काय, आणि ते उत्तर देतात की घेऊ द्या, सोबत डेटा सायन्सचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करायला सांगा. म्हणजे माणूस कसा जगतो, का दुःखी होतो, का देव मानतो, का मरतो याचा अभ्यास चालेल, पण तोंडी लावायला काहीतरी कामाचं हवं! हे वाचून गप्प बसवेना म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण इनामगावचा, म्हणजे आमच्या तालुक्यातल्या उत्खननाचा, भाग कापू नका.

आधी सध्या कॉलेजात काय चाललंय ते सांगते, कारण पालकांना त्यातलं फार कमी कळतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आपल्याकडे 2023-24 ला स्वायत्त कॉलेजांत आणि 2024-25 पासून बाकीच्या संलग्न कॉलेजांत लागू झालं. आता पोरांच्या टाइमटेबलात मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असली अक्षरं असतात, स्टाफरूममध्येच निम्म्या लोकांना त्यांचे फुलफॉर्म सांगता येत नाहीत तर घरच्यांना काय कळणार. यातलं ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, हे आपल्या शाखेच्या बाहेरचं घ्यायचं. कल्पना उत्तम आहे, कागदावर तर फारच उत्तम. प्रत्यक्षात आमच्या शेजारची मुलगी बीकॉमला आहे, तिला सायन्सच्या बास्केटमधून, म्हणजे निवडायच्या विषयांच्या यादीतून, खगोलशास्त्र मिळालं (तिला हवं होतं मानसशास्त्र, पण तिथल्या सीट भरल्या होत्या), सेमिस्टरभर पीपीटी झाल्या, आकाशाकडे बघायला कोणी नेलं नाही, शेवटी एमसीक्यू झाले, मार्क उत्तम पडले, विषय संपला. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण दोष एका कॉलेजचा नाहीच, जिकडेतिकडे थोड्याफार फरकाने हेच आहे. एसटी स्टँडवर एकाच फलाटाला उभ्या असलेल्या प्रवाशांसारखे हे विषय, शेजारी शेजारी उभे आहेत पण प्रत्येकाची गाडी वेगळी, कोणी कोणाशी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की वेगवेगळे विषय एका मुलाच्या मार्कलिस्टवर आले म्हणजे आंतरविद्याशाखीय अभ्यास होत नसतो. तो होतो एका प्रश्नामुळे, असा प्रश्न की जो एकट्या कोणालाच सुटत नाही, आणि मग नाइलाजाने का होईना दुसऱ्या विभागाच्या दारात जावं लागतं. आणि हे हार्वर्डला जाऊन शिकायची गरज नाही, आपल्या शिरूर तालुक्यात झालेलं आहे.

घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झे. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं, पुढे 1988 ला त्याचा रिपोर्ट निघाला. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती, तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे लोक, लोखंड यायच्या आधीचे. राजेरजवाडे नाहीत, लेख नाहीत, एक अक्षर लिहिलेलं नाही. सापडलं काय, तर घरांच्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या जागा, जळून कोळसा झालेले जवाचे दाणे, जनावरांची हाडं आणि मडकी.

आणि घरातल्या जमिनीखाली बाळं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ, शेजारी छोटी भांडी, आणि हा खड्डा गावाबाहेर नाही तर राहत्या घराच्या आत, वरून परत जमीन सारवून संसार चालू. मोठी माणसंसुद्धा घरातच पुरलेली, पण त्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली. एक माणूस मात्र वेगळा, चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला आणि त्याची पावलं शाबूत.

आता सांगा हा प्रश्न कुठल्या विभागाचा? दात किती फुटलेत त्यावरून बाळाचं वय सांगणार शरीररचना आणि मानवशास्त्रवाले. जवाचे दाणे ओळखणार वनस्पतीशास्त्रवाले. कोळशावरून काळ काढणार फिजिक्सवाले. शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इ.स.पू. 1000 नंतर, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शेतीपेक्षा शिकार वाढली, त्याचं कारण पाऊस कमी झाला असं उत्खनन करणाऱ्यांनी मांडलं, म्हणजे तिथे हवामान आणि भूगोल आला. किती थडगी, कुठल्या घरात, कुठल्या काळातली, लहान किती मोठी किती, हे माझं खातं. पण हे सगळं झाल्यावरही आईने (की आजीने? की गावातल्या कोणी जाणत्या माणसाने?) ते मडकं चुलीपासून काही हातांवर का पुरलं, हे कुठल्याही लॅबमधून येत नाही. तिथे तुम्हाला आजच्या रीती माहीत लागतात, आपल्याकडे अजूनही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, हे माहीत लागतं. मेलेला माणूस परत येईल या भीतीबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या माहीत लागतात, कारण पावलं तोडली ती तो चालत जाऊ नये म्हणून असा एक अंदाज आहे, आणि जाऊ नये म्हणजे आपल्याला सोडून जाऊ नये की येऊन त्रास देऊ नये हे मात्र हाडं सांगत नाहीत. भीती होती का माया होती? मला विचाराल तर दोन्ही असणार, घरातलं माणूस गेलेल्या कोणालाही विचारा.

याला मी लिबरल आर्ट्स म्हणते. आणि बघा, यात सायन्स तोंडी लावायला नाहीये आणि आर्ट्सही शोभेला नाही. एकही विभाग काढला तर ते बाळ परत नुसतं हाड होतं.

आता कोणी म्हणेल की बाई, सगळ्यातलं थोडं थोडं शिकून कुठलंच धड येत नाही, जॅक ऑफ ऑल होतात पोरं. हा आक्षेप खरा आहे आणि मी स्टाफ मीटिंगमध्ये स्वतः तो घेत आलेय. पण ज्यांनी हे काम खरंच केलं त्यांच्याकडे बघा ना. दामोदर कोसंबी, गोव्यात कोसबे इथे 1907 ला जन्म, वडील धर्मानंद कोसंबी पाली आणि बौद्ध धर्माचे एवढे मोठे अभ्यासक, मुलगा हार्वर्डला शिकला 1929 ला पदवी घेऊन आला आणि पेशाने गणिती. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) नोकरीला जायचे. त्यांचं गणित काही हौशी नव्हतं, 1944 ला जेनेटिक्समधलं एक सूत्र त्यांनी दिलं ते आजही कोसंबी मॅपिंग फंक्शन म्हणून पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे लोक वापरतात, कृषी विद्यापीठातल्या पोरांना विचारा, त्यांना ते नाव माहीत असतं पण हाच माणूस इतिहासकार होता हे माहीत नसतं, आणि इतिहासवाल्यांना उलटं.

त्यांनी जुनी नाणी तोलली. माझ्या विषयाचं असल्यामुळे इथे जरा रेंगाळते. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, दर वर्षी अगदी किंचित वजन जातं. एका नाण्यावरून काही कळत नाही, कारण पाडतानाच ते कमीजास्त पडलेलं असतं. पण शेकडो नाण्यांची सरासरी काढली तर जास्त फिरलेल्या नाण्यांची सरासरी खाली येते आणि त्यांच्यातला आपापसातला फरकही वाढतो. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेल्या, नाण्यांवर त्यांनी हे लावलं, मागच्या बाजूचे छोटे शिक्के जितके जास्त तितकं वजन कमी हे दाखवलं, आणि त्यावरून कुठलं नाणं आधीचं कुठलं नंतरचं हे मांडलं. पद्धत बरोबर चालते का हे बघायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलून पाहिली. मी वर्गात व्हेरिअन्स (आकड्यांतल्या आपापसातल्या फरकाचं माप, त्याची खूण सिग्मा स्क्वेअर) शिकवताना हे उदाहरण द्यायचे तेव्हा शेवटच्या बाकावरचे पण मान वर करायचे, कारण अचानक सिग्मा स्क्वेअरच्या मागे बाजार दिसायचा, हजारो हात दिसायचे. आणि हाच माणूस संस्कृत कवी भर्तृहरीच्या शतकांची पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढतो, आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर पायी हिंडून गारगोटीची छोटी हत्यारं गोळा करतो, म्हसोबा-वेताळाची ठाणी बघतो, तिथल्या माणसांशी बोलतो. पण आधी एक विषय पक्का होता. म्हणून माझं मत असं की आधी मेजर, म्हणजे मुख्य विषय, नीट शिकवा, घासून शिकवा, आणि मग त्याला बाहेर काढा. दहा बास्केटांतले दोन दोन क्रेडिट हा त्याला पर्याय नव्हे.

दुसरं उदाहरण इरावती कर्वेंचं, आणि हे मला जास्त अस्वस्थ करतं. फर्ग्युसनला तत्त्वज्ञान, मुंबईला घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्र, आणि मग बर्लिनला जाऊन मानवशास्त्र. तिथे त्यांचा गाईड होता ऑयगेन फिशर, जो पुढे नाझींच्या वंशशास्त्राचा मोठा आधार झाला. कवट्या मोजायच्या, डावी-उजवी बाजू सारखी आहे का बघायचं, आणि गोऱ्यांची कवटी वेगळी म्हणून त्यांची अक्कल वेगळी अशी फिशरची समजूत होती. पंचविशीच्या आतबाहेरची ही मराठी मुलगी कवट्या मोजते, आकडे त्या समजुतीला धरून येत नाहीत, आणि ती तसंच प्रबंधात लिहिते. 1930 च्या आसपास, परक्या देशात, गाईडच्या विरोधात. विचार करा आजच्या एखाद्या पीएचडीच्या पोराने गाईडच्या थिअरीविरुद्ध निकाल दिला तर काय होईल (आमच्याकडे गाईडच्या मुलाच्या लग्नात वाढायला उभं राहावं लागतं, असो). फिशरकडे मोजायची हत्यारं उत्तम होती, संस्था मोठी होती, पैसा होता. मोजता येतं म्हणजे माणूस कळला, हा त्याचा घोटाळा, आणि त्याची किंमत लाखो लोकांनी जिवानिशी मोजली. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की आता एआय आलं डेटा आला, फिलॉसॉफी आणि साहित्य शिकून काय करायचं, तेव्हा मी, आयुष्य आकड्यांत घालवलेली बाई, त्यांना बर्लिनची ही गोष्ट सांगते.

याच इरावतीबाई नंतर डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्रभर फिरल्या, माणसांची मापं घेतली, नातेसंबंध लिहून घेतले, आठवडी बाजारांचा अभ्यास केला, आणि वारीतही चालल्या. ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळे भाषणात वापरतात, पण त्याच वारीत दिंड्या जातीजातीने वेगळ्या चालतात वेगळ्या जेवतात हे त्यांना किती लागलं होतं ते भाषणवाले सांगत नाहीत. कोयना धरणामुळे उठवलेल्या लोकांचा सर्व्हे त्यांनी आणि जाई निंबकरांनी केला, तो 1969 ला छापला गेला. धरण इंजिनिअरिंगचा विषय, पण घर पाण्याखाली गेल्यावर देव कुठे न्यायचा, मुलगी कुठे द्यायची, शेजार कोणाचा, हे इंजिनिअरला सुटणारं नाही.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं जुनं झालं आणि सगळी मोठी माणसं झाली, आमच्या तालुक्याच्या कॉलेजने काय करायचं? म्हणून आजचा एक प्रश्न देते. ऊसतोड. बीड, अहिल्यानगर, जालना या भागातल्या कुठल्याही कॉलेजात दिवाळीनंतर हजेरी पाहिली तर कळेल किती पोरांचे आईबाप कारखान्यावर गेलेत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांची मिळून एकच जोडी मोजतात, मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, एक दिवस काम बुडालं तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. 2019 ला बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशन्सचा विषय गाजला, विधिमंडळात आला, सरकारने समिती नेमली. बायका सहज म्हणतात, पिशवी काढली. तिशीतली बाई असं म्हणते, आणि पुढच्या वाक्यात मोळी किती किलोची असते ते सांगते, जणू दोन्ही एकाच हिशोबातलं.

हा प्रश्न मेडिकलचा आहे का? आहे, पण डॉक्टर फक्त ऑपरेशन गरजेचं होतं की नव्हतं एवढंच सांगेल. उचल आणि खाड्याचं गणित अर्थशास्त्राचं आणि कॉमर्सचं. पाऊस, पर्जन्यछायेचा प्रदेश आणि पश्चिमेकडे ऊस, ते भूगोलाचं. मुकादम आणि मजूर यांच्यात करार कुठला, मालक नेमका कोण, हे कायद्याचं. प्रमाण खरंच जास्त आहे का आणि कोणाच्या तुलनेत जास्त, ते माझ्या विषयाचं, आणि हे सांगितल्याशिवाय नुसता आकडा फेकणाऱ्यांचा मला राग येतो. आणि पाळीच्या चार दिवसांत फडात आडोसा नाही, पाणी नाही, झाकपाक करत काम करायचं, ते दुखणं ती बाई कोणाला कुठल्या शब्दांत सांगते, काय गाळते, हे ऐकायला मराठीचा विद्यार्थी लागतो ज्याने ओव्या ऐकल्यात, आत्मकथनं वाचलीत, ज्याला गाळलेलं ऐकू येतं. गुंथर सोन्थायमर नावाचा जर्मन माणूस, हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा अभ्यासक, तो आपल्या धनगरांच्या ओव्या रेकॉर्ड करत माळरानं तुडवायचा, बिरोबा-खंडोबाच्या मागे फिरायचा, आणि आपल्या कॉलेजात मराठी विभाग आणि अर्थशास्त्र विभाग एकाच मजल्यावर असून वर्षभर एकमेकांकडे चहाला जात नाहीत.

सोय मात्र धोरणातच आहे, हे विशेष. फील्ड प्रोजेक्ट आहे, कम्युनिटी एंगेजमेंट आहे, दोन्हीला क्रेडिट आहेत. सध्या काय होतं, तर प्रत्येक विभाग आपापला प्रोजेक्ट देतो, पोरं झेरॉक्सच्या दुकानातून तयार फाइल घेतात, कव्हर बदलतात, स्पायरल बाइंडिंग करून जमा. त्याऐवजी कॉलेजने वर्षाला एकच प्रश्न ठरवावा, आपल्या तालुक्यातला. शिरूरला इनामगाव घ्या, बीडला ऊसतोड घ्या, पाटणला कोयनेचे विस्थापित घ्या, पंढरपूरला वारीनंतरचं चंद्रभागेचं पाणी घ्या. प्रत्येक शाखेची दोन-तीन पोरं एका गटात, रिपोर्ट एक, तोंडी परीक्षा एक, आणि परीक्षक दोन वेगळ्या विभागांचे. बीएस्सीच्या पोराला प्रश्न मराठीच्या मॅडमनी विचारायचा आणि बीएच्या पोरीला तक्ता समजावून सांगायला माझ्यासारखीने लावायचं. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, होऊ दे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पुरवणीत कोणी छापत नाही. हे करणार कोण? कित्येक जागा रिकाम्या, बाकीचं सीएचबीवर, म्हणजे तासाला इतके पैसे. जो माणूस सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात तास घेऊन घर चालवतो, नेट-सेट पीएचडी सगळं होऊन, त्याला तुम्ही फडावर पोरांना घेऊन जा म्हणणार? तो तास धरला जाणार का? पेट्रोल कोण देणार? प्राध्यापक भरती न करता मल्टिडिसिप्लिनरी म्हणणं ही शुद्ध थट्टा आहे. पुण्यात सिम्बायोसिसने 2011 ला लिबरल आर्ट्सचं स्कूल काढलं, फ्लेम विद्यापीठ आहे, हरियाणात अशोका विद्यापीठ आहे, तिथे शिक्षक आहेत, लायब्ररी आहे, वर्ग छोटे आहेत, आणि मुलं खरंच चांगलं शिकतात हे मी नाकारत नाही. पण फी लाखांत. ज्या पोराचे आईबाप कोयता घेऊन फडात आहेत त्याला माणसाच्या जगण्याचा अभ्यास परवडत नाही, आणि ज्याला परवडतो त्याने फड पाहिलेला नाही, हे मला पटत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती आपल्याला, शिक्षण खात्याला नाही कारण ते हे पत्र वाचणार नाहीत. आपल्या पुरवणीत कॉलेजांचा तक्ता असतो, फी, कटऑफ, हॉस्टेल, सर्वात मोठं पॅकेज. पुढच्या जूनमध्ये त्यात अजून दोन रकाने टाका. एक, गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी कुठल्या प्रश्नावर फील्ड प्रोजेक्ट केला. दोन, त्या कॉलेजात कायम शिक्षक किती आणि सीएचबीवर किती. माहिती द्यायला जी कॉलेजं टाळाटाळ करतील त्यांच्या नावापुढे रकाना कोरा ठेवा, पालक समजून घेतील.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, शिरूर (जि. पुणे)